टिटवीची गच्ची

अभिमन नाना चपला हातात धरून गच्चीवरून उतरले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हळूच म्हणाले, "आजपासून गच्चीवर कोणी जायचं नाही."

प्रमिलाबाई बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, भिजत घातलेल्या ज्वारीचं पाणी बदलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "का? टाकी बांधायला घेतली वाटतं."

टाकीचं नाव निघालं की नाना एरवी पेपरच्या आड जात. मागच्या दिवाळीआधी पाण्याच्या टाकीसाठी त्यांनी गच्चीवर वाळू-खडी चढवून घेतली होती. खडी चढली आणि टाकी राहिली. त्या ढिगावरून घरात रोज एक तरी वाक्य व्हायचंच. पण आज नानांचा चेहरा उजळला होता. आपल्या खडीत टिटवीने चार अंडी घातली आहेत, असं त्यांनी सांगितलं, आणि ते इतक्या अभिमानाने, की स्वतःच घातल्यासारखं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन नाना अमळनेरला परतले तेव्हा सोबत एक जुनी दुर्बीण घेऊन आले. हिवाळ्यात पहिला परीट पक्षी अंगणात शेपूट हलवताना दिसला की पाहुणा आल्यासारखे ते फाटकापर्यंत जात. ज्वारीत दाणा भरला की भोरड्यांच्या थव्यांमागे सायकल हाणत आणि माळ्यावर गोफण घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला म्हणत, "जरा थांबा, पाहू द्या." टीव्हीच्या अँटेनावर कोतवाल बसला की ऐन बातम्यांत चित्र थरथरायचं, पण त्याला हुसकायची घरात कोणाची छाती नव्हती. नानांना दुःख एकच होतं. हे सगळं सांगायला गेलं की गल्लीतल्या प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी काहीतरी काम आठवायचं.

आता पंचाईत अशी, की गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या घरी बिबड्या थापत आणि परवाची पाळी प्रमिलाबाईंची होती. लेकीच्या सासरी डबा जायचा होता. भिजलेली ज्वारी थांबत नाही आणि अंड्यांवर बसलेली टिटवीही थांबत नाही.

प्रमिलाबाईंनी सोपा मार्ग काढला. अंडी टोपलीत घालून शेजारच्या रिकाम्या प्लॉटात ठेवायची. नानांनी समजावून पाहिलं, की जागा हलली तर टिटवी अंडी टाकून देते. त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी ते उठले आणि ओट्यावर बसलेल्या सुंदरबाईंच्या कानावर सहज म्हणून अंड्यांची गोष्ट घालून आले. सुंदरबाई म्हणजे गल्लीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस. त्या काठी टेकत लगोलग हजर झाल्या.

"प्रमिला, त्या अंडासले हात नको लावू, माय. टिटवीनी उंचावर अंडा घाल्यात म्हंजे यंदा पानी भलतं शे. त्या हालनात आनि पानी नही पडनं, ते बठ्ठं गाव तुले नाव ठेवी."

असल्या समजुतींना आयुष्यभर हसलेले नाना मागे उभे राहून गंभीरपणे मान डोलवत होते.

अंडी वाचली खरी, पण बातमी सुटली. दुसऱ्या दिवशी खेड्यावरून नानांचे चुलतभाऊ जीवराम आबा आले. नाल्याकाठच्या शेतात कपाशी लावायची की नाही, हे त्यांना अंडी पाहून ठरवायचं होतं. आबांनी एसटीत चौघांना सांगितलं होतं, ते चौघेही आले. बाजाराला आलेले लोक पिशव्यांसकट जिना चढू लागले. अंड्यांची टोकं खाली आहेत की आडवी, यावर वाद झाले. टिटवी डोक्यावरून किंचाळत झेपा घेत होती आणि एका झेपेत आबांची टोपी खडीवर पडली. नाना छत्री घेऊन मध्ये उभे राहिले.

"जरा बाजूला व्हा, ती घाबरते."

"नाना, तुम्ही ते रोज देखतस," आबा टोपी झटकत म्हणाले, "आमले एकदाव देखू द्या."

ऊन चढलं तसा नानांचा जीव कासावीस झाला. एरवी या वेळी टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहायची, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणायची. आता ती वरच्या वर घिरट्या घालत होती आणि खानदेशातल्या उन्हात अंडी उघडी पडली होती. नाना खाली आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले.

"अगं, अंडी भाजून निघतील. मीच सगळ्यांना गोळा केलं."

प्रमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, ज्वारीकडे पाहिलं, आणि हात पुसले. "खाटा वर चढवा. बिबड्या आजच घालू. ज्वारी एक दिवस कमी भिजली म्हणून काही बिघडत नाही."

त्यांनी आधी बघ्यांना खाली पिटाळलं. दुपारपर्यंत ज्वारी दळून, शिजवून झाली आणि जिन्याच्या तोंडाशीच आडव्या खाटा लागल्या. त्यांवर ओलं धोतर अंथरून बायका डोक्यावर पदर घेऊन बिबड्या थापायला बसल्या. लोकांची पुढची तुकडी आली ती वरच्या पायरीवरच अडली.

"आबा, वाळवण ओलांडता का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

बायकांच्या वाळवणावरून पाय टाकणारा माणूस अजून त्या गावात जन्मायचा होता. आबा मुकाट्याने वळले, मागचे त्यांच्याआधी वळले. थोड्याच वेळात टिटवी भिजलेलं पोट घेऊन आली आणि अंड्यांवर बसली. एका जागी बसून हात हलवणाऱ्या बायकांचं तिला काहीच वाटलं नाही.

मग कावळे आले. दरवर्षी बिबड्यांपाशी कोणाला तरी काठी घेऊन राखणीला बसावं लागे. या वेळी कावळा खाटेवर टेकायच्या आत टिटवी त्याच्यावर धावून गेली. साळुंक्यांचीही तीच गत झाली. संध्याकाळपर्यंत एका बिबडीचाही तुकडा मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सुंदरबाईंची खाट आली, तिसऱ्या दिवशी आणखी दोघींच्या आल्या.

टिटवीने सगळ्यांना आपलं मानलं, एका नानांना सोडून. जिन्यातून छत्री आणि दुर्बीण डोकावली की ती आभाळ डोक्यावर घ्यायची. मग प्रमिलाबाई दारात आडव्या येत.

"तुम्ही खाली जा. पाखरू बिचकतं."

मग रात्रीच्या जेवणात बातमीपत्र व्हायचं. आज दोघं आळीपाळीने बसले, आज तिने दोनदा पोट भिजवून आणलं. "नर जरा आळशी दिसतो," प्रमिलाबाई भाकरी वाढताना म्हणत. "नुसता अँटेनावर बसून पाहत असतो." नाना खाली मान घालून जेवत आणि पुढे काय झालं ते हळूच विचारत.

पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच सकाळी गच्चीच्या कडेवरून शेजारच्या प्लॉटात उड्या मारून आईमागे चालती झाली. त्या वेळी नाना खालीच असल्याने त्या उड्या एकट्या त्यांनाच दिसल्या. त्यांचे डोळे भरून आले.

पाऊस मात्र त्या वर्षी बेताचाच झाला. सगळा दोष नानांच्या गच्चीवर आला. जीवराम आबा दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, "ती पानी देखीसन नही बसनी, नाना. तुमनी खडी देखीसन बसनी."

हे नानांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंड्याला सांगावा धाडला, पावडं-घमेलं घेतलं आणि गच्चीवर जाऊन ढिगाला हात घातला. आवाज ऐकून प्रमिलाबाई धावत वर आल्या.

"ठेवा ते खाली."

"अगं, टाकी बांधतोय. तूच वर्षभर म्हणतेस ना."

"टाकीवाचून इतकी वर्षं निघाली ना?" त्यांनी उकरलेली खडी हाताने पुन्हा सारखी केली. "आणि चैत्रात ती आली म्हणजे बसायची कुठं?"