रोकडे गुरुजींच्या पिशवीतला दगड

"पुढून अडवू नका! बाजूला व्हा! आरं ए शहाण्या, तुलाच सांगतोय!"

शहाणा म्हणजे मी. अवसरीच्या शाळेसमोरच्या उतारावर ट्रॅक्टर सोडवून उभी केलेली माझी कांद्याची ट्रॉली आपली आपण निघाली होती. शाळा नुकतीच सुटलेली. खाली फाटकात पोरं. आणि मी मारक्या बैलाची शिंगं धरावीत तसा ट्रॉलीपुढं उभा, चपला घासत मागं मागं चाललेलो.

ओरडत होते रोकडे गुरुजी, रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. हा माणूस पिशवीत दगड घेऊन हिंडतो. उभी गाडी दिसली की चाकाला दगड! मग एसटी असो की नवरदेवाची जीप. वर पोरं गोळा करून सांगणार, "थांबलेलं थांबूनच राहतं, चाललेलं चालतच राहतं, कुणी बळ लावीपर्यंत. आणि उतार बळ लावायला कुणाची परवानगी घेत न्हाई!" एकदा दूधवाल्यानं दगड न बघता मोटारसायकलची मूठ पिळली. गाडी जागेवर राहिली आणि दूधवाला एकटाच कळंबला पोचला, असं आमच्याकडं सांगतात. सांगणारा मीच.

ट्रॉलीनं वेग धरला.

"तिचं वजन बघ, तुझं बघ! सर बाजूला! पोरांनो, भिंतीकडं!"

मी उडी मारली, ती थेट फाटकाच्या कडेला पडलो. पोरं भिंतीला चिकटली. एक बारकी पोरगी तेवढी फाटकात वाकून चप्पल शोधत होती. गुरुजी धावले. एका हातानं तिला ओढलं, दुसऱ्या हातानं पिशवीतला दगड चाकाखाली टाकला. चाक दगडावर चढलं. वर डुललं. मग चाक मागं आलं आणि ट्रॉली थांबली.

कांदे थांबले न्हाईत. पोतंभर माझ्या टाळक्यात आले.

"बघा पोरांनो," गुरुजी धापा टाकत म्हणाले, "ट्रॉली थांबली, पण कांद्यांना कुणी कळवलंच न्हाई!" पोरीचा हात मात्र त्यांनी तिची आई येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी दगड परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मंडळी, आमच्या काकू, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या. लकवा झाल्यापासून त्यांचे पाय गेलेत. खुर्चीच्या चारी चाकांना दगड. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून प्रत्येक दगडाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं.

मला हसू आवरेना. "काकू, ह्या फरशीला कुठला आलाय उतार?"

गुरुजी चहा ठेवायला आत गेले.

"उतार न्हाई," काकू म्हणाल्या. "पन माझ्याबिगर ह्यांना दुसरं कोन हाय?"