साडेचार इंचांचा तह

ज्यांनी कागदावर फुशारकी लिहिली आणि मग कागदानेच ज्यांस गाठले, त्या सर्वांस दंडवत घालोन हे वर्तमान लिहितो. सावध ऐकावे, मधे खोकू नये.

रंगाच्या कारखान्याचे फोरमनसाहेब, अखंड बोलघेवडे, फवारणीखात्याचे सरलष्कर, पंचावन्न वर्षांचे जाले. त्यांस फर्मान आले कीं फुफ्फुसे तपासोन दाखला हजर करावा, अन्यथा रवानगी फाटकावर, पास फाडावयास. साहेबांचे धाबे दणाणले. तीस वर्षांची हुकमत एका कागदावर आली. मग सौभाग्यवतींस सांगाती घेऊन दवाखान्यावर चाल केली.

तेथे तंत्रज्ञबाईंचा अंमल. बाईंनी वय आणि उंची पुसली, आणि साहेबांनी छाती काढोन पाच फूट दहा इंच लिहविली, आणि बाईंनी गर्दीत टेप न लाविता ती मान्य केली. मग नाकास चिमटा, तोंडी नळी, आणि हुकूम सुटला कीं छातीभर श्वास घ्यावा व एका दमात सारा बाहेर काढावा, मधे थांबू नये. तीन हल्ले जाले. चेहरा वांग्यासारखा जाला, तिन्ही फुंकरी सारख्या उतरल्या, तरी यंत्र म्हणे हवा अपेक्षेच्या बहात्तर टक्केच. ज्यांनी जन्मभर लोकांचे कान फुंकले त्यांचीच फुंकर कमी भरली!

डॉक्टरसाहेबांनी कागद न्याहाळोन मसलत केली कीं पहिल्या सेकंदातच बहुतेक हवा बाहेर, म्हणजे नळ्या मोकळ्या; जिना चढता दमही लागत नाही; मग फुफ्फुस लहान कां? यंत्र अपेक्षा धरिते ती वय-उंची पाहोन, तेव्हा उंची पुन्हा पुसावी.

सौभाग्यवती कडाडल्या, "अहो, सांगून टाका आता! लग्नाआधी माझ्या बाबांनाही पाच-दहाच सांगितलं होतं."

"तेव्हा बूट उंच टाचेचे होते," साहेब पुटपुटले.

बूट उतरविले, टाचा भिंतीस लाविल्या. पाच फूट साडेपाच. बाईंनी नवा आकडा घातला, फुंकर तीच, आणि निकाल शहाऐंशी टक्के! बापडी फुफ्फुसे धडधाकट असोन परक्या मापाने मार खात होती.

येणेप्रमाणे साडेचार इंच खर्ची पडोन फवारे राखिले, ही फत्ते नोंदिली असे. दाखला खऱ्या उंचीसह कारखान्याच्या फलकावर लागला. सौभाग्यवतींनी त्याची नक्कल वडिलांस धाडिली. सासरेबुवांचे उत्तर आले कीं, हे आम्हांस लग्नातच दिसले होते. माणूस पुरा वाटला म्हणोन मुलगी दिली.