टाकीला बांधलेली शेळी

माझ्या साखरपुड्यात शृंगारपुरेसाहेबांच्या हातात चहाचा कप दिला, तर त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "थांबा. आधी फेस बसू द्या."

सासरे घाबरले. मुलाकडच्यांचं काहीतरी बिनसलं असं त्यांना वाटलं. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की साहेब आमच्या कचेरीत पुरवठा निरीक्षक आहेत, मनाला लावून घेऊ नका.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा कचेरीत आवक-जावक सांभाळायचो. तालुक्यातली रेशन दुकानं, रॉकेलचे डेपो, मापं, भाव, साठा हे सगळं सरकारतर्फे साहेबांच्या नजरेखाली. रॉकेल मापात जोरात ओतलं की वर फेस येतो. दुकानदार फेसासकट माप गिऱ्हाइकाच्या डब्यात उलटं करतो आणि गिऱ्हाईक घोटभर रॉकेलला मुकतं. साहेबांनी आयुष्यभर त्या घोटभर रॉकेलशी वैर धरलं. ते दुकानात आले की दुकानदार माप भरून हात बांधून उभा राहायचा. रांगेतल्या बायकासुद्धा सुरात म्हणायच्या, "फेस बसू द्या!"

घरचं भांडण असो की बदलीचा हुकूम, साहेबांचा सल्ला एकच, फेस बसू द्या.

त्यांचं नाक तर विलक्षण. रेशनच्या निळ्या रॉकेलात बोट बुडवायचे, हुंगायचे आणि बोट रुमालाला पुसायचे. त्यामुळे त्यांचे सगळे रुमाल कोपऱ्यात निळे. एकदा महाडहून पोलादपूरला आम्ही ट्रॅक्सने येत होतो. तेरा माणसं कोंबलेली. साहेबांनी दोनदा हवा हुंगली आणि ओरडले, "गाडी थांबव! अरे, ही गाडी गरिबाच्या कंदिलावर चालली आहे." डिझेलमध्ये रॉकेल होतं. ड्रायव्हर शपथा घेत राहिला. साहेब उतरले आणि मलाही उतरवलं. पुढचे पाच किलोमीटर आम्ही उन्हात चाललो आणि साहेब खुशीत शीळ घालत होते. मी मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

मग वरून हुकूम आला की ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांचं रॉकेल बंद करा आणि कार्डावर तसा शिक्का मारा. साहेबांनी पहिला शिक्का स्वतःच्या कार्डावर मारला. नंतर पिशवीत शिक्का नि शाईचं पॅड टाकून ते डोंगरावरच्या वाड्या पालथ्या घालू लागले.

अशाच एका वाडीत पारूबाईचं घर. एकटी म्हातारी, चार शेळ्या, वीज नाही. मुलगा मुंबईला. अंगणात लाल सिलिंडर दिसला आणि साहेबांनी शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात पारूबाई रिकामा डबा घेऊन डोंगर उतरून कचेरीत आली. "सायबा, ती टाकी रिकामी हाय रे. पोरानं गणपतीला आणलेली. शेगडी सून परत घेऊन गेली, टाकी जड म्हणून ठेवून गेली. मी तिला शेळी बांधतंय. आता दिव्यात काय घालू? वाघरू येतंय गोठ्याशी, नि मना काय दिसत नाय."

साहेबांनी आपलाच पाहणी अहवाल काढला. त्यात त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "अंगणात एक गॅस सिलिंडर आढळला. त्यास एक शेळी बांधलेली आढळली." शेळीची नोंद घेऊनही शिक्का मारणारा माणूस आमच्या कचेरीत हा एकच. आम्ही पोट धरून हसलो. साहेब मात्र हसले नाहीत.

शिक्का रद्द करायचा तर गॅस परत केल्याची पावती हवी. पारूबाईच्या नावावर गॅसच नाही, मग परत काय करणार? म्हणजे जिल्ह्याहून खास आदेश आणायला हवा. साहेबांनी त्याच दिवशी कागद पाठवला. तो माझ्याच हातून जावक झाला.

त्यानंतर साहेब बदलले. दुपारी खानावळीचा डबा येऊ लागला. दर महिन्याचा पहिला रविवार ते गायब. कपड्यांना रॉकेलचा वास. आमच्या शिपायाने निष्कर्ष काढला की साहेबही अखेर धंद्याला लागले. मला ते पटत नव्हतं, पण मनात शंका शिरली खरी.

एका सकाळी रेशनच्या रांगेत साहेब दिसले. हातात पाच लिटरचा डबा, पुढे नऊ बायका. धाड पडली समजून दुकानदाराला घाम फुटलेला. मी जवळ गेलो तसं त्यांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं. त्यावरचा शिक्का रद्द झाला होता.

"गॅस परत केला," ते म्हणाले. "माझ्याकडे परत करण्यासारखा होता ना."

त्या गॅससाठी त्यांनी सात वर्षं नंबर लावला होता. एसटीत रॉकेल न्यायला बंदी, आणि बंदी म्हणजे साहेबांना वेदवाक्य. म्हणून ते डबा घेऊन दोन तास चढ चढून पारूबाईकडे जायचे.

चार महिन्यांनी जिल्ह्याहून आदेश आला. आवक मीच केला. साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि त्याच दिवशी तिच्या कार्डावरचा शिक्का खोडला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मला डोंगराच्या वाटेला लागलेले भेटले. हातात डबा.

"साहेब, आदेश आला ना?"

"आला. हे तिच्याच कार्डावरचं आहे. गुडघे दुखतात तिचे."

"वाडीतली पोरं बाजाराला येतात की. कुणीही नेईल."

"नेईल," ते म्हणाले आणि डबा खाली ठेवला. साहेबांच्या सौभाग्यवती दोन वर्षांपासून विरारला मुलाकडे. नातवाला सांभाळायला म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. साहेब भाड्याच्या खोलीत एकटे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांना त्याबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"गेल्या खेपेला पाय मुरगळला, म्हणून पोचायला दुपार झाली," साहेब म्हणाले. "म्हातारी उंबऱ्यात बसलेली. भाकऱ्या टाकून झाकून ठेवलेल्या, स्वतः जेवलेली नाही. मला म्हणाली, 'इतका उशीर का लावलास रे?' आणि चांगली रागावली माझ्यावर."

त्यांनी निळ्या कोपऱ्याचा रुमाल काढून चष्मा पुसला.

"कदम, मला उशीर झाला हे कुणाच्या लक्षात येऊन किती दिवस झाले होते."

मी डबा उचलला आणि त्यांच्याबरोबर चढू लागलो.