टोकियो, लंडन, न्यूयॉर्क आणि चैतालीची तारीख

चैतालीचं लग्न ठरलं होतं, तारीख तेवढी ठरत नव्हती. आणि याला जबाबदार होता टोकियोचा शेअरबाजार.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तिचे वडील दशरथराव मुहूर्त मानत नसत. वाघोलीच्या फ्लॅटमधल्या कॅलेंडरातले विवाह मुहूर्त ते दर जानेवारीत निळ्या शाईने खोडत. पण २००८ च्या दसऱ्यानंतर त्याच चौकोनांत लाल ठिपके उमटू लागले. होणारा जावई बुद्धभूषण सॉफ्टवेअरवाला, कंपनी परदेशी कामांवर चालणारी. म्हणून टोकियोचा निक्केई, लंडनचा फुटसी आणि न्यूयॉर्कचा डाऊ हे तिन्ही शेअर निर्देशांक एकाच दिवशी वर गेले, की हिरवा ठिपका आणि तारीख पक्की. एरवी लाल. लाल ठिपक्याच्या दिवशी ते कुणाशी बोलत नसत.

"मुहूर्त सोडलात, मग हे काय धरलंत?" ललिताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"हे शास्त्र आहे. एकेक शेअर कुठे बघणार? मोठ्या कंपन्यांचे भाव घेऊन एकच आकडा काढतात. आकडा वर, म्हणजे बाजार ठीक."

"बाबा, डाऊमध्ये जेमतेम तीस कंपन्या आहेत," चैताली म्हणाली. "बुद्धभूषणची त्यात नाही. जानेवारीत तो वर्षभरासाठी लंडनला चाललाय. डिसेंबर चुकला, की वर्ष गेलं!"

"लंडनला? लंडन कालच चार टक्के पडलंय!"

तीस कंपन्या कमी, हे मात्र त्यांना पटलं. त्यांनी चौथी अट घातली: अख्ख्या जगाचा निर्देशांक. तेवीस देश, हजारावर कंपन्या.

"त्यात आपण कितवे?" ललिताबाई.

"आपण नाही. तो पुढारलेल्या देशांचा आहे. आपली यादी वेगळी."

"ज्या जगात आपण नाहीच, त्याला आपल्या पोरीचं लग्न विचारताय?"

दशरथरावांनी पेपर थोडा उंच धरला.

ऑक्टोबर संपताना एका सकाळी चारही आकडे वर दिसले. त्यांनी लगेच व्याह्यांना, भीमरावांना फोन लावला. "जय भीम! चारही वर गेले!"

"अरेरे," भीमराव म्हणाले.

"अरेरे काय?"

"मी आणखी पडायची वाट बघत होतो. मंदीमुळे लोकांनी लग्नं पुढे ढकलली, हॉलवाला अर्ध्या भाड्यावर आला होता. अजून उतरला असता. आता चढेल की तो!"

"कमाल करता! मी चढायची वाट बघतोय आणि तुम्ही पडायची? अशानं डिसेंबरात हॉल मिळेल का?"

"हॉल झालाय," ललिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दशरथरावांनी फोनवर हात ठेवला. "कधी?"

"मागच्या सोमवारी. मी आणि विहीणबाई जाऊन पावती घेऊन आलो. अर्ध्या भाड्यात."

"मला न सांगता?"

"सांगणार कसं? लाल ठिपका होता."

"तारीख कुठली?"

"चौदा डिसेंबर."

दशरथराव कॅलेंडरापाशी गेले. चष्मा वर केला, खाली केला. "अगं, त्या दिवशी रविवार आहे. चारही आकडे नसतात. बाजार बंद!"

"माहितीये," ललिताबाई पोह्यांवर कोथिंबीर पसरत म्हणाल्या. "म्हटलं, लग्नात तरी पाहुण्यांशी बोलाल."