बापूंना सगळं आधी लागतं

आमचे शेजारी त्र्यंबकबापू क्रिकेटची मॅच ती संपल्यावर बघायला बसतात. निकाल आधी विचारून घेतात. भारत हरला असेल तर टीव्ही लावतच नाहीत. जिंकला असेल तर अंघोळ उरकून, वाटीभर शेंगा घेऊन, पुन्हा दाखवतात ती मॅच पहिल्या बॉलपासून बघतात. एकदा मीही त्यांच्याजवळ बसलो होतो. मला निकाल माहीत नव्हता. शेवटची जोडी खेळत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. बापूंनी निवांत शेंग फोडली नि म्हणाले, "सर, घाबरू नका. ह्या बॉलला चौका हाय." चौका गेला. त्यावर बापूंनी टाळ्या मात्र अशा वाजवल्या, की जणू त्यांनाही आत्ताच कळलं.

बापू नेकनूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाडी कधी येणार, हे जन्मभर लोक त्यांच्या खिडकीशी येऊन विचारायचे आणि बापूंना ते ठाऊक असायचं. रिटायर झाल्यावर खिडकी सुटली, सवय सुटली नाही. लग्नाला गेले की पंगतीला बसायच्या आधी ते मंडपामागं आचाऱ्याकडं एक चक्कर मारून येतात आणि अख्ख्या पंगतीला सांगत सुटतात, "भातावर हात राखा, मागनं गरम जिलबी हाय." वाढपी वैतागतात, पण पंगत ऐकते. मीही ऐकतो.

घरात सीताफळं पिकायला ठेवली की बापू रोज सकाळी एकेक दाबून बघतात. त्यामुळं त्यांच्या घरी सीताफळ कधी धड पिकत नाही, नुसतं मऊ पडतं. शेवटी बापूंच्या बायको, आमच्या काकू, ती ज्वारीच्या पोत्यात लपवायला लागल्या. तर बापूंनी पोतं शोधून काढलं. "आवं, जरा दम धरा की," काकू म्हणायच्या. दम ही वस्तू बापूंच्या घरात फक्त काकूंकडं आहे.

आमच्या शाळेत एक जादूगार आला होता. बापूंना मीच बोलावलं, ही माझीच अक्कल. जादूगारानं रुमाल गायब केला आणि पोरं आ वासून बघत राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला, "डाव्या बाहीत हाय." पुढं अंडं गायब झालं, तेही बापूंनी शोधून दिलं. मध्यंतरात त्या बिचाऱ्यानं बापूंना बाजूला घेऊन चहा पाजला आणि हात जोडले. बापूंना नवल वाटलं. "मी तर मदत करत होतो," ते मला म्हणाले.

या एका गोष्टीवर आमचा कायम वाद. मी मराठीचा मास्तर. शेवट आधी सांगितला तर गोष्ट मेली, असं वर्गात शिकवणारा. बापूंचं म्हणणं उलटं. "माहीत असलं म्हंजे मानूस निवांत चव घेतो. न्हाईतर सगळं ध्यान पुढं काय व्हतंय तिकडंच."

"पण बापू, उत्सुकता नावाची काही चीज आहे की नाही?"

"उत्सुकता म्हंजे भीतीच की वो. तुमी लोकांनी तिला चांगली कापडं घातलीत."



गेल्या वर्षी बापूंचा मुलगा महेश आणि सून स्वाती यांच्याकडं गोड बातमी आली. आळीला आयताच विषय मिळाला. बुंदी आहे का जिलबी, हे कळल्याशिवाय पंगतीला न बसणारा माणूस नऊ महिने कसा काढणार, यावर पारावर चर्चा झाली. मीही त्यांना चिडवलं. बापू नुसते हसले.

मग एक दिवस तेलगावहून त्यांची थोरली बहीण आली. आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो होतो. आक्का खाली मान घालून, हळू आवाजात म्हणाली, "माझ्या वळखीत एक जण हाय. मशीन हाय त्याच्याकडं. गुपचूप सांगतो, पोरगा हाय का पोरगी. तुला तर सगळं आधीच लागतं."

मी बापूंकडं बघितलं. खरं सांगतो, मला धास्ती वाटली. हा माणूस आता हो म्हणणार, असंच मला वाटलं.

बापूंनी कप खाली ठेवला. "आक्का, बीडची गाडी आता येईल. तिथनं तुला तेलगाव मिळंल. चल, मी सोडतो."

"आरं, मी मुक्कामाला आले."

"चल."

आक्काला गाडीत बसवून ते परत आले आणि माझ्या शेजारी बसले. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "बापू, पहिल्यांदाच तुम्ही एखादी गोष्ट जाणून घ्यायला नाही म्हणालात."

त्यांनी गार झालेला कप उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाले, "सर, महेशच्या आधी एक व्हतं. आई म्हनली, बघून या. आईचं निमित्त, मलाच दम निघंना. मीच पुढं हून हिला घेऊन गेलतो. कळालं, पोरगी हाय. कळालं म्हनूनच ती ऱ्हायली न्हाई." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "येताना गाडीत ही एक शब्द बोलली न्हाई. त्याच्यावर अजून बोलत न्हाई."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासाही वाटला. मी हात ठेवला.

सातव्या महिन्यात स्वातीचं डोहाळजेवण झालं. आत बायकांची गर्दी. तिच्यासमोर ताटात दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. जी वाटी ती उघडेल त्यावरून मुलगा का मुलगी, ते ठरवायचं, नुसता खेळ. वाट्यांपाशी काकूंनी एका पोरीला राखणीला बसवलं होतं, बापूंच्या भीतीनं. बापू मात्र ओट्यावरून हललेच नाहीत. आतून "उघड, उघड" असा कालवा सुरू झाला, तसे त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून घेतले. चांगले जाडजूड गृहस्थ, डोक्याला फेटा, आणि कानांत बोटं.

आतला गलका शांत झाल्यावर मी त्यांचा हात हलवला. त्यांनी बोटं काढली.

"काय निघालं ते सांगू नका," ते घाईनं म्हणाले. मग जरा थांबून, दाराकडं बघत त्यांनी विचारलं, "तुमची काकू हसली का?"

मी उठून आत डोकावलो. काकू स्वातीला पोटाशी धरून हसत होत्या.

"हसल्या," मी म्हणालो.