तडकलेला पाय आणि माझं प्रवचन

'प्रवचन' या शब्दाचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळला असेल, तर त्यानं समोर यावं! शब्दकोशात काहीही असो, आमच्या घरात त्याचा अर्थ एकच: 'बाबा, आता पुरे!'

तीस वर्षं मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. माझ्या विभागात एकाचंही बोट तुटलं नाही, कारण मी बोलायला लागलो की यंत्रं बंद करून सगळे माना खाली घालून बसायचे! घरी मात्र लेकीनं दोन वर्षांपूर्वी बॅग भरली. म्हणाली, "मी नापास झाले तेव्हाही तुम्ही जवळ घेतलं नाहीत, बाबा. प्रवचन झोडलंत." त्यानंतर तिनं उंबरठा ओलांडला नाही.

गेल्या रविवारी ती जावयाला घेऊन आली, तेही अट घालूनच. कुणी 'प्रवचन!' म्हटलं की मी वाक्य तिथंच सोडायचं. नाही सोडलं, तर ती निघणार, कायमची.

"अहो, एक दिवस तोंड आवरा," बायकोनं हात जोडले.

"हात्तिच्या! त्यात काय मोठंसं!" मी म्हणालो.

जेवणं झाली आणि स्वयंपाकघरातला दिवा गेला. जावई भलताच उत्साही. दारामागचं स्टूल ओढून चढलासुद्धा! त्या स्टुलाचा पाय तडकलेला मी सकाळीच पाहिला होता. खिळा मारायचा म्हणून बाजूला ठेवलं, आणि सांगितलं कुणालाच नाही.

"जावईबापू," मी घाईघाईनं म्हणालो, "माणसानं वर चढण्याआधी आपण कशावर उभे आहोत, हे—"

"प्रवचन!" लेक ओरडली.

मी तोंड मिटलं. स्टूल कुरकुरलं.

"अगं, ऐक तरी! निष्काळजीपणा हा माणसाचा—"

"प्रवचन!" या वेळी बायकोसुद्धा!

लेकीनं पर्स उचलली. मी ओठ घट्ट दाबले आणि स्टूल धरायला धावलो. पोचायच्या आत धाडकन आवाज झाला.

जावयाच्या खुब्याचं हाड मोडलं. "चालतील, पण लंगडतील," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर लेक माझ्याशेजारी बसली होती. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग 'पाय तडकलाय' एवढं म्हणायला काय झालं होतं? दोन शब्द, बाबा!"

"अगं, तिथवरच येत होतो."

तिनं तोंड ओंजळीत झाकलं आणि हमसाहमशी रडायला लागली. धीर, नशीब, संयम, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी ते गिळलं.

"चुकलं माझं."

ती थांबली. "पुढे?"

"पुढे काही नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती नापास झाली त्या दिवशीच ठेवायला हवा होता. तिनं तो झटकला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

तर मंडळी, यातून आपण काय शिकायचं? माणसानं नेहमी वेळेवर, मोजक्या शब्दांत... बरं, बरं! बसतो गप्प.