मागून आलेल्या चेंडूची बखर

श्री. ज्याचे नाव घेतले असता अडलेले सुटते आणि न घेतले असता सुटलेलेही अडते, त्या विघ्नहर्त्यास आधी दंडवत. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एका राज्यात, राज्याचे नाव कोणी पुसू नये, गोल्फ नामे खेळाचे मैदान होते आणि तेथे जे वर्तले ते लिहितो. खरे खोटे वाचणाराने ठरवावे. आम्ही भ्यालो होतो इतके मात्र खरे.

महाराजांनी चांगली जमीन सरदारांस वाटिली, उरली ती देवस्थानांस दिली, आणि मग रयतेने अर्ज केला की आम्हांसही खेळावयास जागा असावी. तेव्हा महाराज हसले आणि नाला, धोबीघाट व फिरंग्यांचे जुने कबरस्तान यांमध्ये जी चिंधीएवढी भुई राहिली होती ती बहाल करते जाहले. त्या चिंधीत नऊ पट्ट्या बसविल्या. पट्टीच्या शेवटी हिरवळ, हिरवळीत गल म्हणजे मुठीएवढा खळगा, आणि दांड्याने चेंडू मारीत मारीत त्या गलीत घालावा, हा खेळ. परंतु जागा ऐशी अरुंद की पहिल्या पट्टीचा चेंडू चुकला तर धोब्याच्या हौदात, दुसऱ्या पट्टीचा चुकला तर कोणाच्या तरी मागल्या दारी वाळत घातलेल्या सांडग्यांत, आणि तिसरी व चौथी तर समोरासमोर, म्हणोन एकमेकांचे चेंडू एकमेकांच्या कानशिलावरून जात. यास्तव मारण्याआधी "हुशार!" म्हणोन आरोळी देण्याचा परिपाठ पडला. आणखी एक परिपाठ तेथे मोठा कडक होता. जागा थोडी आणि खेळणारे फार, सबब चौघांची जूट असल्याखेरीज कोणास आत सोडीत नसत. दोघे आले तर दोन परके जोडून देत, आणि तिघे आले तर नाक्यावरला नाईक बोट नाचवून म्हणे, "तीन तिगाडा, काम बिघाडा! थांबा, चौथा येऊ द्या." मोठमोठे मानकरी त्या नाईकापुढे नरम पडत.

त्या मैदानावर एक जुनी जूट होती. हैबतराव मोकाशी, शब्दाचे जड आणि हार न सोसणारे. निळोपंत सबनीस, ज्यांच्या जिभेला हाड नाही. दाऊदखान हकीम, शांत गृहस्थ. आणि चौथे गणोजी वाघचौरे, जे आपल्या चेंडूवर आळत्याचा ठिपका लावीत आणि त्याला पोरासारखे जपीत. चौघे वर्षानुवर्षे दर रविवारी खेळत, भांडत, आणि मग मैदानाच्या बैठकीच्या ओसरीवर एका ताटात भजी खात. पुढे दसऱ्याच्या सुमारास ऐसे जाहले की हैबतराव आणि गणोजी बरोबरीत होते आणि पाचव्या पट्टीवर, जेथे कबरस्तानाची भिंत अगदी अंगाला लागते, तेथे गणोजींचा चेंडू भिंतीकडे गेला. सर्वांनी मनात आणिले की आता हा गेला. परंतु गणोजी पुढे होऊन पाहतात तों चेंडू मोकळ्या गवतात चांगल्या जागी, आणि तेथून मारून गणोजींनी डाव जिंकला. हैबतरावांस ते सोसले नाही. ओसरीवर भरल्या बैठकीत ते बोलिले, "वाघचौऱ्यांनी पायाने चेंडू सारला." गणोजींनी हातातली बशी खाली ठेविली आणि इतकेच पुसिले, "रावसाहेब, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत?" आणि हैबतराव बोलिले, "पाहिले." पाहिले कसले डोंबल! पाठ होती त्यांची तिकडे. परंतु शब्द तोंडातून गेला तो गेला. गणोजी उठोन घरी गेले आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन परलोकवासी जाहले. गावास काय, निमित्तच हवे. मेला तो लबाड होता, ऐसी बोली उठली आणि गणोजींची लेक रेणुका हिची ठरलेली सोयरीक होणारे व्याही देशमुख यांनी मोडिली की लबाडाच्या घरची सून नको.

मग मार्गशीर्षात तिघे पुन्हा खेळावयास आले. दिवस ढगाळ, नाल्यावरून धुके चढलेले, दुपार असोन दिवे लावावे ऐसा काळोख. नाईक बोलिला, "चौथे कुठे आहेत?" परका जोडून घेणे हैबतरावांस नको होते, कारण परका आला की गणोजींची गोष्ट काढणार. तेव्हा निळोपंत आपल्या स्वभावाप्रमाणे बोलिले, "येताहेत मागून. हा बघा त्यांचा चेंडू." आणि थैलीत गणोजींचा एक चेंडू राहिला होता तो काढोन त्यांनी पहिल्या पट्टीच्या ओट्यावर, जेथून पहिला टोला मारीत, तेथे ठेविला. नाईकाने घाईत ठिपका न निरखिता चेंडू तेवढा मोजिला, मान डोलविली आणि बोलिला, "मग जा, ते आले की सोडतो." तिघे चेंडू मारून पुढे गेले. चेंडू ओट्यावर तसाच राहिला. हकीम वाटेत बोलिले, "पंत, थट्टेची वस्तू नव्हती ती." पंत बोलिले, "अहो खानसाहेब, मेलेला माणूस रागावतो काय?"

पहिल्या हिरवळीवर तिघांनी आपापले चेंडू गलीत घातले आणि निघावे तों मागे धुक्यात "हुशार!" ऐसी आरोळी जाहली, आणि दांड्याचा ठणका ऐकू आला, आणि एक चेंडू अलगद येऊन गलीच्या निशाणापाशी थांबला. त्यावर आळत्याचा ठिपका. पंत बोलिले, "नाईकाने कोणा परक्याला सोडले असेल, त्याने ओट्यावरचा चेंडू मारला असेल." तिघेही तेच म्हणू लागले, कारण म्हणावयास दुसरे काही नव्हते. दुसऱ्या पट्टीवर तेच जाहले, तिसऱ्या चौथ्यावर तेच. चेंडू सरळ सुतासारखा येई, आणि मारणारा मात्र दिसत नसे. समोरच्या पट्टीवरील खेळणारे "कोण आहे रे?" म्हणोन ओरडले आणि मग तेही वाट सोडोन बाजूस जाहले. आरोळी हैबतरावांच्या ओळखीची होती. ती गणोजींचीच, शेवटी जरा वर चढणारी.

पाचव्या पट्टीवर तिघे बाजूला झाडाखाली उभे राहिले. हकीम बोलिले, "आज पाहू तरी." तों आरोळी जाहली, ठणका जाहला, चेंडू धुक्यातून आला आणि वाकडा होऊन भिंतीकडे गेला, आणि भिंतीतून एक चिरा बाहेर आला आहे त्यावर टण्णकन आपटला, आणि उडोन परत मोकळ्या गवतात, त्याच चांगल्या जागी येऊन पडला. कोणी हात लाविला नाही. कोणी पाय लाविला नाही. हकीमांनी कानाला हात लाविले. बोलिले, "या अल्लाह! त्या दिवशी असेच झाले असणार." हैबतराव गवतातच बसले आणि रडत बोलिले, "गणोजी, मी पाहिले नव्हते हो. हरत होतो म्हणून बोललो. मला माफ करा." झाडीत वारा नव्हता. पंत हळूच बोलिले, "झाले एकदाचे. सुटलो." कसचे सुटलो! पुढे सहावी पट्टी आली आणि चेंडू आधीपेक्षा जवळ येऊन पडला. मग रीतीप्रमाणे तिघांनी वाट दिली, बाजूस होऊन हात हालविला आणि ओरडले, "पुढे व्हा, गणोजी, पुढे व्हा!" चेंडू पुढे गेला नाही. हे थांबले की तो थांबे, हे चालले की मागे ठणका. आठव्या पट्टीवर तो हैबतरावांच्या टाचेपाशी येऊन थांबला.

तेव्हा हकीम बोलिले, "रावसाहेब, आरोप कुठे केला होता तुम्ही?" "ओसरीवर." "मग माफी झाडीत कशी चालेल?" हैबतराव बोलिले, "चार लोकांत उभा राहून मी खोटा म्हणू? माझी अब्रू राहील काय, खानसाहेब?" हकीम बोलिले, "त्याची राहिली? आणि त्या पोरीची?" हैबतराव तेथूनच वळले. नववी पट्टी खेळलेच नाहीत. दांडा टाकोन सरळ ओसरीकडे चालू लागले, आणि मागे गवतात चेंडू घरंगळत येत होता, हे निळोपंतांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्या दिवसापासोन त्यांची थट्टा निम्मी जाहली. ओसरीवर बैठक भरली होती, भज्यांची ताटे आली होती, देशमुखही पानाला चुना लावीत बसले होते. हैबतराव पायरीवर उभे राहिले, टोपी काढोन हाती घेतली, आणि बोलिले, "ऐका सगळे. गणोजींनी चेंडू सारला नव्हता. भिंतीवर आपटून परत आला होता. मी पाहिले नव्हते आणि पाहिले म्हणालो. लबाड मी." कोणी हसले नाही. देशमुखांच्या हातातले पान तसेच राहिले, आणि मग ते उठोन वाघचौऱ्यांच्या घराकडे गेले. सोयरीक पुन्हा जुळली. लग्नही थाटात जाहले.

हैबतरावांनी त्याच घटकेस मागे वळोन पाहिले तों पायरीशी काही नव्हते. मैदान पालथे घातले, नाला, हौद, कबरस्तान शोधिले, चेंडू सापडला नाही. पुढल्या रविवारी नाईकाने एक परका गडी जोडून दिला, भला माणूस होता बिचारा, आणि चौघे खेळले. परंतु प्रत्येक हिरवळीवर हैबतराव थांबत आणि धुके असो नसो मागे पाहात उभे राहात, आणि परका पुसे, "रावसाहेब, कोणाची वाट पाहता?" हैबतरावांचे डोळे भरोन येत. एकदा ते हकीमांस बोलिले, "खानसाहेब, तो रागावला होता तोवर निदान मागे तरी होता."

येणेप्रमाणे हकिकत जाहली. तात्पर्य, माफी पोचली आणि गडी गेला. मैदान अजून तेथेच आहे, तितकेच अरुंद, आणि रविवारी गर्दी फार असते.